औषध हाडांचे, काळजी जबड्याची

नोव्हेंबर महिना आला की देशभरातील बँकांच्या शाखांमध्ये एक परिचित दृश्य दिसू लागते. हयातीचा दाखला देण्यासाठी आलेले निवृत्तिवेतनधारक बाकांवर बसलेले असतात आणि त्यांच्या गप्पा व्याजदरांवरून हळूहळू प्रकृतीकडे वळतात. आता भ्रमणध्वनीवरून घरबसल्याही हा दाखला देता येतो. तरीही चार जुनी माणसे भेटतात म्हणून शाखेत येणारे पुष्कळ आहेत. कोणाचा रक्तदाब, कोणाची साखर, कोणाचे गुडघे! या यादीत गेल्या काही वर्षांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे हाडे बळकट करण्यासाठी घेतली जाणारी आठवड्याची गोळी किंवा वर्षाकाठी टोचले जाणारे इंजेक्शन.

समजा, अशाच एका बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या आहेत. वय सत्तरीच्या आसपास. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले. तपासणीत हाडे ठिसूळ झाल्याचे आढळले आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी दर रविवारी घ्यावयाची एक गोळी सुरू केली. आता त्यांची खालची एक दाढ ठणकते आहे. दाखल्याचे काम आटोपले की त्या दंतवैद्यांकडे जाणार आहेत. दंतवैद्य विचारतील, "बाई, औषधे कोणती चालू आहेत?" बाई सांगतील, रक्तदाबाची एक आणि थायरॉईडची एक. रविवारची गोळी मात्र त्यांच्या मनातही येणार नाही. ती तर हाडांची; तिचा दातांशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो समजून घेणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हाडांचे जमाखर्चाचे खाते

हाड म्हणजे एकदा बांधली की तशीच राहणारी दगडी भिंत, अशी आपली समजूत असते. वास्तविक हाड ही जिवंत ऊती आहे. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे हाड भरणाऱ्या पेशी शरीरात अहोरात्र काम करीत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी अशा रीतीने नव्याने घडतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे जमाखर्चाचे खाते आहे. तिशीपर्यंत जमेची बाजू जड असते आणि शिल्लक वाढत जाते. पुढे काही काळ दोन्ही बाजू बरोबरीत राहतात. त्यानंतर मात्र खर्च वाढू लागतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर तो विशेष वेगाने वाढतो. शिल्लक फार खाली गेली की हाडे आतून सच्छिद्र होतात, साध्या पडण्याने मोडतात. यालाच ऑस्टिओपोरोसिस किंवा अस्थिसुषिरता म्हणतात. पन्नाशीनंतर जगातील दर तीन स्त्रियांपैकी एकीला आणि दर पाच पुरुषांपैकी एकाला या कारणाने केव्हा ना केव्हा अस्थिभंगाला तोंड द्यावे लागते, असा अंदाज आहे.

यावर सर्वाधिक वापरली जाणारी औषधे म्हणजे बिस्फॉस्फोनेट गटातील अॅलेंड्रोनेट, रायझेड्रोनेट, आयबँड्रोनेट आणि शिरेवाटे दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड. या गटाचा इतिहास मनोरंजक आहे. ही रसायने एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती आणि पाण्याच्या नळांत क्षार साचू नये म्हणून कारखान्यांत वापरली जात. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील संशोधक हर्बर्ट फ्लाइश व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की नळातील क्षारांवर परिणाम करणारी ही द्रव्ये हाडांतील कॅल्शियमच्या स्फटिकांनाही घट्ट चिकटतात. हाड पोखरणारी पेशी असे हाड गिळू लागली की त्यातले औषधही तिच्या पोटात जाते आणि तिचे काम थंडावते. थोडक्यात, हे औषध खात्यात मोठी नवी भर घालीत नाही. ते पैसे काढण्यावर निर्बंध घालते.

त्याचा लाभ निर्विवाद आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मणक्याचा अस्थिभंग आधी झालेल्या स्त्रियांना तीन वर्षे अॅलेंड्रोनेट दिल्यावर खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. उतारवयात खुबा मोडणे ही किती गंभीर घटना आहे, हे अनेक कुटुंबांनी अनुभवले असेल. असा अस्थिभंग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतील एक जण वर्षभरात दगावतो आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

२००३ चा इशारा

अॅलेंड्रोनेटला अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी १९९५ मध्ये मान्यता मिळाली. याच गटातील पामिड्रोनेट व झोलेड्रोनिक अॅसिड ही शिरेवाटे देण्याची औषधे कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना मोठ्या प्रमाणात दिली जाऊ लागली. वेदना आणि अस्थिभंग कमी करण्यात त्यांचा चांगला उपयोग होत होता. अशा वेळी २००३ मध्ये मायामी येथील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे ३६ असे रुग्ण आले होते, ज्यांच्या जबड्याचे हाड हिरडीतून उघडे पडले होते आणि काही केल्या झाकले जात नव्हते. सर्वांमध्ये समान धागा होता तो या औषधांचा. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथील साल्व्हातोर रुगिएरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३ रुग्णांची माहिती दिली. त्यांपैकी ५६ जणांनी औषध शिरेवाटे घेतले होते. सात जण मात्र गोळ्या दीर्घकाळ घेणारे होते.

या विकाराला आज 'औषधजन्य जबड्याचा अस्थिमृत्यू' असे म्हणता येईल. आरंभी त्याच्या इंग्रजी नावात केवळ बिस्फॉस्फोनेटचा उल्लेख होता. पुढे २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या डेनोसुमॅब या वेगळ्या गटातील, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या औषधामुळेही तो होतो असे दिसून आले. म्हणून अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१४ मध्ये नाव अधिक व्यापक केले. निदानाची कसोटी अशी : रुग्ण अशी औषधे घेत आहे किंवा पूर्वी घेत होता, जबड्याचे हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे आहे किंवा हिरडीतील छिद्रातून सळईला लागते आहे, आणि जबड्याला किरणोपचार झालेले नाहीत किंवा तेथे कर्करोग पसरलेला नाही.

आगकाड्यांच्या कारखान्यातील जुनी ओळख

वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक मात्र हे वर्णन वाचून चमकले, कारण असा जबडा त्यांनी जुन्या ग्रंथांत पाहिला होता. १८३० च्या दशकात पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्या तयार होऊ लागल्या. त्यानंतर काही वर्षांतच त्या कारखान्यांतील कामगारांना दाढदुखी, पू आणि मग जबड्याचे हाडच सडणे असा विकार जडू लागला. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी १८४५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये त्याला 'फॉसी जॉ' हे नाव पडले. कित्येकांचा जबडा काढून टाकावा लागे.

१८८८ च्या जुलैमध्ये लंडनच्या बो भागातील ब्रायंट अँड मे कंपनीच्या आगकाड्यांच्या कारखान्यातील सुमारे १,४०० स्त्रिया व मुली संपावर गेल्या. अपुरे वेतन, दंड आणि कामाची वाईट परिस्थिती ही संपाची कारणे होती, आणि फॉसी जॉचे भय त्या परिस्थितीचाच भाग होते. या कामगार मुलींची दैन्यावस्था आपल्या लेखातून जगापुढे मांडणाऱ्या बाई म्हणजे ॲनी बेझंट. त्याच पुढे भारतात आल्या आणि १९१७ च्या कोलकाता काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. १९०६ मध्ये बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आणण्याचे ठरले आणि हिंदुस्थानातही १९१३ मध्ये तसा कायदा झाला. त्यानंतर हा रोग विस्मृतीत गेला.

आगकाडीचा धूर आणि आजचे औषध एकच नव्हेत, आणि विषारी धुराची तुलना उपकारक औषधाशी करणे योग्यही नाही. परंतु त्या जुन्या प्रकरणात एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. किडके दात असणाऱ्यांना हा रोग अधिक जडतो, हे तेव्हाच्या डॉक्टरांना उमगले होते. त्यामुळे इंग्लंडमधील आगकाड्यांच्या कारखान्यांत कामगारांचे दात तपासण्याचा नियम करण्यात आला. आधी दात तपासा, मग काम द्या! शंभर वर्षांपूर्वीचा हा धडा आज औषधांच्या बाबतीत पुन्हा गिरवावा लागत आहे.

जबडाच का?

औषध तर सर्व हाडांत जाते. मग त्रास जबड्यालाच का व्हावा? याचे उत्तर जबड्याच्या रचनेत आहे. शरीरातील इतर हाडे त्वचा व स्नायूंच्या आत सुरक्षित असतात. जबड्यातून मात्र दात सरळ बाहेर येतात आणि त्यांच्या कडेने तोंडातील असंख्य जंतूंना हाडापर्यंत पोचण्याची वाट मिळते. हाडावरचे हिरडीचे आवरणही पातळ असते. त्यातच चावण्याचा ताण रोजचा. त्यामुळे दातांभोवतीच्या हाडाची झीज आणि भरपाई विशेष वेगाने चालते. मांडीचे हाड हे मुदत ठेवीसारखे मानले, तर जबडा हे चालू खाते आहे. चालू खात्यावर निर्बंध आले की रोजचे व्यवहार अडतात. दात काढल्यावर पडलेला खळगा भरून यायचा तर आधी खराब झालेले हाड पोखरून काढावे लागते. ते काम करणाऱ्या पेशीच मंदावलेल्या असतील आणि त्यात जंतुसंसर्ग झाला, तर हाडाचा तेवढा भाग मरतो व उघडा पडतो. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात हे अधिक आढळते, आणि बहुसंख्य रुग्णांमध्ये त्याची सुरुवात दात काढण्यापासून झालेली असते. हिरड्यांचा जुनाट रोग किंवा टोचणारी कवळी हीही कारणे असतात. मधुमेह, स्टेरॉइड औषधे आणि तंबाखू यांमुळे जोखीम वाढते.

आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. बिस्फॉस्फोनेट औषधे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहतात. गोळी दोन वर्षांपूर्वी थांबवली म्हणजे तिचा परिणाम पूर्ण संपला, असे समजू नये.

धोका नेमका किती?

येथवर वाचून एखाद्या वाचकाच्या मनात गोळ्यांची पट्टी केराच्या टोपलीत टाकण्याचा विचार आला असेल, तर कृपया थांबावे. रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी येथे स्थिती नाही. मुखशल्यचिकित्सकांच्या उपरोक्त संघटनेच्या २०२२ च्या निवेदनानुसार, ऑस्टिओपोरोसिससाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्या दहा हजार रुग्णांमागे हा विकार साधारण दोन ते पाच जणांना होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७,७०० स्त्रियांवरील चाचणीत वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिड देण्यात आले. त्यात तीन वर्षांत औषध घेणाऱ्यांपैकी एकीला आणि केवळ नाममात्र द्रावण मिळालेल्यांपैकीही एकीलाच हा त्रास झाला. मणक्याचे अस्थिभंग मात्र औषधाने ७० टक्क्यांनी घटले.

कर्करोगाच्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. ऑस्टिओपोरोसिससाठी झोलेड्रोनिक अॅसिडची ५ मिलिग्रॅम मात्रा वर्षातून एकदा दिली जाते. हाडांत पसरलेल्या कर्करोगात ४ मिलिग्रॅम मात्रा दर तीन-चार आठवड्यांनीही दिली जाते. म्हणजे वर्षाचा हिशेब केला तर औषध दहापटीहून अधिक होते. साहजिकच जोखीमही वाढते. बहुतेक अभ्यासांत ती शंभरात पाचांहून कमी आढळली आहे, तरी ती दुर्लक्ष करण्याइतकी लहान नाही. अशा रुग्णांच्या नातेवाइकांनी उपचार सुरू होण्याआधीच दंततपासणीचा आग्रह धरावा.

म्हणून या प्रश्नाची दोन टोके टाळावयाची आहेत. भीतीपोटी औषध बंद करणे हे एक टोक. कारण मोडलेला खुबा हा जबड्याच्या विकारापेक्षा कितीतरी अधिक संभवनीय आणि प्राणघातक आहे. डेनोसुमॅबच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. त्याचे ठरलेले इंजेक्शन चुकवले तर दबून राहिलेली झीज एकदम उसळते आणि एकाहून अधिक मणके मोडू शकतात. दुसरे टोक म्हणजे औषध चालू असल्याचा उल्लेखही न करता दात काढून घेणे.

काय करावे?

औषध सुरू होण्यापूर्वी : दंतवैद्यांकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. जो दात वाचणारच नाही, तो आधीच काढून घ्यावा आणि हिरडी भरून येऊ द्यावी. कवळी टोचत असल्यास ती नीट करून घ्यावी. अर्थात, अस्थिभंगाचा धोका मोठा असेल तर दातांच्या कामासाठी औषध किती थांबवावे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

औषध चालू असताना : दोन वेळा दात घासणे, कवळी रात्री काढून ठेवणे आणि दर सहा महिन्यांनी तपासणी करणे हा नेम ठेवावा. दात साफ करून घेणे, चांदी किंवा सिमेंट भरणे, रूट कॅनॉल करणे या गोष्टींना सहसा अडचण नसते. किंबहुना दात काढण्यापेक्षा रूट कॅनॉल करून तो वाचवणे अनेकदा श्रेयस्कर ठरते.

दात काढावाच लागला तर : गोळ्या घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचे दात व्यवस्थित काढले जातात आणि जखमही भरते. मात्र दंतवैद्यांना आधी कल्पना असली पाहिजे, म्हणजे ते जखम शक्य तितकी लहान ठेवतील, जंतुनाशक चूळ व जरूर तर प्रतिजैविके देतील आणि भरून येईपर्यंत लक्ष ठेवतील. दात काढण्यापूर्वी औषध काही काळ थांबवावे की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तेव्हा हा निर्णय आपण स्वतः घेऊ नये. दंतवैद्य आणि औषध देणारे डॉक्टर यांचे एकमेकांशी बोलणे घडवून आणावे.

औषध किती वर्षे घ्यावे : ही गोळी जन्मभराची नसते. साधारणतः पाच वर्षे गोळ्या किंवा तीन वार्षिक इंजेक्शने झाल्यावर फेरविचार करावा, असे तज्ज्ञ सुचवतात. अस्थिभंगाचा धोका कमी असलेल्यांना काही काळ विश्रांती देता येते. जुनीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे गोळ्या आणत राहणे योग्य नव्हे.

धोक्याच्या खुणा : दात काढल्यानंतर काही आठवड्यांनीही न भरणारा खळगा, जिभेला लागणारा हाडाचा खरखरीत कंगोरा, हिरडीतून पू किंवा दुर्गंधी, विनाकारण हलू लागलेला दात, खालच्या ओठाला अथवा हनुवटीला येणारा बधिरपणा. आरंभी दुखेलच असे नाही. म्हणून दुखण्याची वाट पाहू नये. वेळीच निदान झाले तर औषधी चुळा, प्रतिजैविके व मृत हाडाचा भाग काढणे अशा उपायांनी पुष्कळ रुग्णांना आराम पडतो. दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते, ही म्हण मात्र येथे तंतोतंत लागू पडते. या उपचारांना कित्येक महिने लागू शकतात.

एक छोटी चिठ्ठी

आता पुन्हा आपल्या निवृत्त शिक्षिकेकडे वळू. रविवारी पहाटे उठून उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हे पथ्य त्या चार वर्षे निष्ठेने पाळत आल्या आहेत. त्यांचे काही चुकलेले नाही. 'ही गोळी चालू असल्याचे दंतवैद्यांना सांगा' हे वाक्य त्यांना कोणी सांगितले नाही, एवढेच. ज्यांनी औषध दिले त्यांनी दात पाहिले नाहीत आणि जे दात पाहणार त्यांना औषध ठाऊक नाही. या दोघांच्या मध्ये उभी असलेली एकमेव व्यक्ती म्हणजे स्वतः रुग्ण. वार्षिक इंजेक्शन घेणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. घरातील औषधांच्या डब्यात त्याचा मागमूसही नसतो, त्यामुळे ते विसरणे आणखी सोपे.

उपाय अगदी साधा आहे. एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात : औषधाचे नाव, ते सुरू केल्याचा महिना व वर्ष, आणि इंजेक्शन असल्यास शेवटचे कधी घेतले ती तारीख. औषध बंद केले असेल तर तेही लिहावे. खाते उघडताना आपण ओळखीची कागदपत्रे देतो, वारसाचे नाव नोंदवतो. त्यामागे दूरदृष्टी असते. ही चिठ्ठीही त्याच जातीची आहे. ती पासबुकाच्या वेष्टनात ठेवावी आणि दंतवैद्यांच्या खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांच्या हाती द्यावी.

आपल्या घरात आई, आजी, सासूबाई किंवा वडील हाडांचे औषध घेत असतील तर ही चिठ्ठी आजच त्यांच्यासाठी लिहून द्या. दंतवैद्य तिच्यावरून नजर फिरवतील, दाढ वाचवता येते का ते पाहतील आणि काढावीच लागली तर सावधपणे काढतील. रविवारची गोळी रविवारी चालू राहील, खुबा शाबूत राहील आणि जबडाही.